तिशीनंतर डॉक्टर व्हावे काय? आधी हिशेब मांडा

आपल्या समाजात चांगल्या चाललेल्या दुकानापेक्षाही ज्या पेशाला जास्त मान आहे, असा पेशा डॉक्टरचा. बारावीला गुण कमी पडले म्हणून फार्मसीकडे, बी.एस्सी.कडे किंवा तिब्बिया कॉलेजकडे वळलेला तरुण पुढे दहा वर्षे औषधाचे दुकान चालवतो, घर उभे करतो, बहिणींची लग्ने लावतो. पण ‘आपण एम.बी.बी.एस. व्हायला हवे होते’ ही रुखरुख त्याच्या मनातून जात नाही. पूर्वी ही रुखरुख मनातच राहत असे, कारण वयाची आडकाठी होती किंवा ती आहे असे लोक धरून चालत. आता ती नाही. त्यामुळे पॅथॉलॉजी लॅब चालवणारे, आखातातून परतलेले नर्सिंग कर्मचारी, युनानी पदवीधर, शिक्षिका आणि लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या भगिनी हा प्रश्न गंभीरपणे विचारू लागल्या आहेत.

प्रश्न नेहमी एकाच पद्धतीने विचारला जातो : ‘या वयात प्रवेश मिळेल काय?’ व्यापाराच्या दृष्टीने हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की, पदवी हातात पडल्यानंतर कमाईची किती वर्षे उरतील आणि तोपर्यंत घर कोण चालवील.

वयाचा कायदा काय सांगतो?

नीट परीक्षेसाठी २०१८ साली खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३० वर्षांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. प्रकरण न्यायालयात गेले. अंतरिम आदेशांमुळे त्यानंतरही जास्त वयाचे उमेदवार परीक्षेला बसत राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कमाल वयाची अट काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो कळविला. आता किमान वय १७ आहे, कमाल काही नाही. नीटला कितीदा बसावे यावरही बंधन नाही. ओडिशात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, बुर्ला येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांतून आली होती. त्या गृहस्थांची हिंमत वाखाणण्यासारखी आहे. पण त्यांच्या संसाराची जबाबदारी बरीचशी पार पडलेली होती, पेन्शन चालू होती. त्यांचे उदाहरण पुढे करून बत्तिशीतल्या दुकानदाराने दुकान बंद करू नये.

शिक्षणाच्या अटी सांगून टाकतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के गुण लागतात. ज्यांनी गणित घेतले पण जीवशास्त्र सोडले होते, त्यांची वाट बरीच वर्षे बंद होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने मान्य केले की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केला तरी चालेल. इंजिनीअर किंवा संगणकवाल्यांना याचा उपयोग आहे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागांसाठी अधिवास दाखल्याबरोबरच दहावी आणि बारावी याच राज्यातून झालेली असावी लागते. आखातात शिकलेल्या मुलांचे पालक हे विसरतात आणि ऐनवेळी धावपळ करतात.

युनानी किंवा होमिओपॅथीच्या पदवीधरांमध्ये एक गैरसमज आहे. साडेचार वर्षे शरीररचना, शरीरक्रिया शिकून झालेली आहे, तर एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. नीट नव्याने द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. थेट प्रवेशाचे आमिष दाखवून पैसे मागणारा दलाल कोणत्याही शहरात भेटतो. त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

‘पात्र’ आणि ‘प्रवेश’ यांतले अंतर

२०२५ च्या नीटला सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले. देशभरातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे ‘मुलगा नीट पास झाला’ या वाक्याला व्यवहारात फारसा अर्थ नाही. सरकारी जागा हवी असेल तर ७२० पैकी कुठल्या कुठे गुण लागतात. दरवर्षी पेपर सोपा-अवघड होतो तसा हा आकडा वर-खाली होतो. म्हणून गुणांपेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांतील राज्य प्रवेश याद्यांमधील शेवटचा क्रमांक पाहावा.

१८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे असतात. जीवशास्त्राचे निम्मे, बाकी अर्धे भौतिक आणि रसायन. मोठ्या वयाचा उमेदवार जीवशास्त्रात मागे पडत नाही. उलट ज्याचा औषधाशी, लॅबशी रोजचा संबंध आहे त्याला ते लवकर आठवते. अडतो तो भौतिकशास्त्रात. पंधरा वर्षांपूर्वी सुटलेली गणिती सवय परत आणणे, तेही एका मिनिटाला एक या वेगाने, हे काम सोपे नाही. आमचा सल्ला असा की नोकरी किंवा दुकान सोडण्यापूर्वी बाजारात मिळणाऱ्या मागील वर्षांच्या तीन प्रश्नपत्रिका घरी घड्याळ लावून सोडवाव्यात. चार-पाच महिने रोज पहाटे फजरनंतर दोन तास अभ्यास करावा आणि पुन्हा तीन सोडवाव्यात. गुण किती आले यापेक्षा किती वाढले ते पाहावे. वाढत नसतील तर कोचिंगची लाखभर फी भरूनही वाढण्याची आशा थोडीच.

आता हिशेब

समजा, एक गृहस्थ ३२ वर्षांचे आहेत. औषधाच्या दुकानातून सर्व खर्च वजा जाता महिन्याला ४० हजार रुपये सुटतात. घरात पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. एक वर्ष तयारी करून ३३ व्या वर्षी त्यांना प्रवेश मिळाला, असे धरू. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. कुठेही नापास न होता ते साडेअडतिसाव्या वर्षी डॉक्टर होतील.

बुडालेल्या कमाईपासून सुरुवात करू, कारण ती कोणी लिहीतच नाही. तयारीच्या वर्षी दुकान अर्धवेळ चालले तर २ लाख ४० हजार गेले. पुढची साडेचार वर्षे उत्पन्न बंद, म्हणजे २१ लाख ६० हजार. इंटर्नशिपमध्ये महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांत २०२४ पासून महिना १८ हजार विद्यावेतन मिळते. ४० हजारांच्या मानाने महिन्याला २२ हजारांची तूट, वर्षाची २ लाख ६४ हजार. एकूण २६ लाख ६४ हजार रुपये. एक पैसाही फी न भरता हा खर्च झाला.

‘दुकान चालू ठेवू आणि शिकू’ असे म्हणणारे भेटतात. एम.बी.बी.एस.ला व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते; दुसऱ्या वर्षापासून सकाळ वॉर्डात जाते. शिवाय जो स्वतःच दुकानाचा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, त्याने काउंटर सोडला तर कायद्याने दुसरा फार्मासिस्ट ठेवावा लागतो. त्याचा पगार, आणि मालक नसलेल्या गल्ल्याचे जे होते ते. भाऊ किंवा वडील बसणार असतील तर गोष्ट वेगळी. त्या वेळी वरच्या आकड्यातून दुकानाचे जे उत्पन्न खरोखर घरी येईल तेवढे वजा करावे, जास्त नाही.

आता फी. सरकारी महाविद्यालयात सर्व मिळून वर्षाला दीड लाख धरू. साडेचार वर्षांचे पावणेसात लाख. वसतिगृह, मेस, पुस्तके, ये-जा यांचे पाच लाख. बुडालेली कमाई मिळवून बेरीज ३८ लाखांच्या थोडी वर जाते.

डॉक्टर झाल्यावर समजा महिन्याला ८० हजार मिळू लागले. त्यांतले ४० हजार तर दुकानातही मिळतच होते. खरी वाढ ४० हजारांची, वर्षाला ४ लाख ८० हजार. या वाढीतून ३८ लाख भरून निघायला आठ वर्षे लागतात. म्हणजे ते साडेशेहेचाळीस वर्षांचे असताना बरोबरीला येतील आणि त्यानंतर फायदा सुरू होईल. तब्येत धड असेल तर डॉक्टर पासष्टीपर्यंत सहज काम करतो. अठरा-एकोणीस वर्षांचा फायदा म्हणजे सौदा वाईट नाही.

तोच गृहस्थ वर्षाला दहा लाख फी असलेल्या खासगी महाविद्यालयात गेला तर फीच ४५ लाख होते आणि एकूण बेरीज ७६ लाखांच्या वर. भरून निघायला सोळा वर्षे, म्हणजे वय साडेचौपन्न. आणि वर्षाला २५ लाख घेणाऱ्या अभिमत विद्यापीठात गेला तर एकूण १ कोटी ४४ लाख. भरून निघायला तीस वर्षे. तेव्हा वय असेल साडेअडुसष्ट. हा धंदा नव्हे, हौस आहे. ज्याच्याकडे हौसेचे पैसे आहेत त्याने ती करावी.

या आकड्यांत एक गोष्ट धरलेली नाही. ती म्हणजे व्याज.

कर्जाची आणि व्याजाची बाब

बँका शैक्षणिक कर्ज देतात. साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, पण व्याज सुरूच असते. ४५ लाखांवर दहा टक्के दराने वर्षाचे व्याज साडेचार लाख होते. वरच्या उदाहरणातील वाढीव कमाई वर्षाला ४ लाख ८० हजार आहे. म्हणजे आयुष्याची साडेसहा वर्षे घालून जी वाढ कमावली, ती जवळपास सगळी व्याजात जाईल आणि मुद्दल तसेच उभे राहील. रिबाबद्दल दीनचा हुकूम वाचकांना माहीत आहे. येथे निव्वळ वहीखात्याचा हिशेबही त्याच बाजूने बोलतो. अठरा वर्षांच्या मुलाला हे कर्ज फेडायला चाळीस वर्षे असतात. चाळिशीतल्या माणसाला ती नसतात.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज मिळते. मात्र त्याला वयाची व उत्पन्नाची अट असते. मोठ्या वयाच्या अर्जदाराने आधी ती अट वाचावी, मग कागद जमवावेत.

उरतो कर्जे हसनाचा आणि जकातीचा मार्ग. कर्जे हसना देणाऱ्या अंजुमन आणि ट्रस्ट आपल्या शहरांतून आहेत, पण त्यांच्या रकमा साधारणतः एखाद्या वर्षाच्या सरकारी फीपुरत्या असतात. त्यांनी तरुण विद्यार्थ्याला अग्रक्रम दिला तर रागावण्यासारखे काही नाही. घरातच, म्हणजे भाऊ, मेहुणे, चुलते यांच्याकडून बिनव्याजी रक्कम उभी राहत असेल तर उत्तम. मात्र ती लेखी असावी, फेडीची मुदत ठरलेली असावी आणि दोन साक्षीदार असावेत. देवघेव लिहून ठेवण्याची ताकीद कुरआननेच केलेली आहे. ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून आपण ती टाळतो आणि पुढे त्यावरून नाती तुटतात.

जकातीबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याचे चालू दुकान आहे, ज्याच्याकडे निसाबाहून जास्त किमतीचा विक्रीचा माल पडून आहे, तो जकात देणारा आहे, घेणारा नाही. शिक्षणाचे कारण सांगून त्याने जकात फंडातून फी घेतली तर ती एखाद्या गरीब मुलाच्या वाट्याची गेली. ज्याची परिस्थिती खरोखर तंग आहे त्याचा प्रश्न वेगळा. त्याने आपल्या विश्वासू आलिमांना सर्व आकडे समोर ठेवून विचारावे. अर्धी माहिती देऊन मिळवलेला फतवा आपल्याच कामाचा नसतो.

आणि बायकामुलांचा नफका ही शरीअतने पुरुषावर टाकलेली जबाबदारी आहे. नवऱ्याला शिकायचे आहे म्हणून ती साडेपाच वर्षांसाठी तहकूब होत नाही. पत्नीने राजीखुशीने भार उचलला, ती शिक्षिका आहे किंवा घरी शिलाईचे काम करते, तर तो तिचा उपकार. तो गृहीत धरून आराखडा मांडू नये. मुलांची शाळा, आईचे औषध, घरभाडे यांसाठी साडेसहा वर्षांची तजवीज आधी कागदावर दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर नीटचा अर्ज भरण्याची घाई नको.

पदवीनंतरची दारे

मोठ्या वयात डॉक्टर झालेल्याला कुठली दारे उघडी असतात? केंद्र सरकारच्या संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षेला सर्वसाधारणपणे ३२ वर्षांची मर्यादा आहे; ते दार बंद. राज्य सेवेत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही सर्वसाधारण मर्यादा असते. आपल्या उदाहरणातील गृहस्थ साडेअडतिसाव्या वर्षी सहा महिन्यांनी चुकतील. म्हणून कायम सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर वयाचा हिशेब उलट बाजूने, म्हणजे ३८ मधून मागे, करावा. तयारी एक, अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप साडेपाच : एकतिशी उलटल्यानंतर खुल्या गटातल्याने ही आशा ठेवू नये. प्रत्येक जाहिरातीतली अट मात्र स्वतः वाचावी.

महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयातून शिकणाऱ्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा ग्रामीण किंवा सरकारी रुग्णालयात करावी लागते. अनेकांना ती शिक्षा वाटते. मोठ्या वयाच्या डॉक्टरसाठी ती पगारी उमेदवारी आहे. बाळंतपण, साप चावणे, अपघात, लहान मुलांचे ताप हे सगळे एका वर्षात हाताखालून जाते.

खासगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून जागा असतात, पण तेथे युनानी, आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर कमी पगारावर मिळतात, त्यामुळे एम.बी.बी.एस.चा भावही दबलेला राहतो. रात्रपाळी मात्र पूर्ण करावी लागते. चाळिशीत बत्तीस तासांची पाळी कशी जाते हे ज्याचे त्याला कळते.

राहिला स्वतःचा दवाखाना. येथे वय आडवे येत नाही, उलट कामी येते. मोहल्ल्यातले रुग्ण तेवीस वर्षांच्या डॉक्टरपुढे मोकळे होत नाहीत. दाढीत चार पांढरे केस असलेल्या डॉक्टरला ते घरातल्या गोष्टीही सांगतात. औषधाच्या दुकानामुळे लोकांशी ओळख आहेच. आमच्या मते तिशीनंतर डॉक्टर होणाऱ्याने पहिल्या दिवसापासून जनरल प्रॅक्टिसच डोक्यात ठेवावी. पदव्युत्तर शिक्षणासाठी आणखी तीन वर्षे आणि त्याआधी नीट-पी.जी.ची तयारी, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस. या तीन वर्षांत विद्यावेतन बरे मिळते हे खरे. तरीही ज्याच्या घरी मुले दहावी-बारावीला आली आहेत, त्याला दोन्ही ओझी एकदम झेपत नाहीत. आणि ‘हल्ली नुसत्या एम.बी.बी.एस.ला कोण विचारतो’ हे वाक्य मोठ्या शहरांत म्हटले जाते; मालेगाव, भिवंडी, परभणी, मुंब्रा येथील गल्ल्यांत फिरून आलेला माणूस तसे म्हणणार नाही.

भगिनींचा हिशेब वेगळा आहे

वरचे सर्व आकडे कमावत्या पुरुषाचे आहेत. जिचे शिक्षण लग्नामुळे थांबले, जी आज अठ्ठावीस-तीस वर्षांची आहे आणि जिच्या पतीच्या कमाईवर घर चालते, तिच्या वहीत बुडालेल्या कमाईचे सव्वीस लाख येतच नाहीत. फक्त फी आणि राहण्याचा खर्च येतो. पदवीनंतरची सारी कमाई निव्वळ वाढ असते. शिवाय स्त्री डॉक्टरची आपल्या वस्त्यांत किती गरज आहे हे प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे. केवळ पुरुष डॉक्टरकडे जायचे नाही म्हणून दुखणी अंगावर काढणाऱ्या भगिनी कमी नाहीत. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर माल येण्याआधीच गिऱ्हाईक उभे आहे.

महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या इतर मागास यादीत आहेत. ज्यांची जात यादीत नाही त्यांनी आर्थिक दुर्बल गटाचा दाखला काढावा. मुस्लिम म्हणून स्वतंत्र आरक्षण महाराष्ट्रात नाही. २०१४ च्या अध्यादेशाचे पुढे कायद्यात रूपांतर झाले नाही. शिक्षणात पडलेला खंड सवलतीला आड येतो का, हे प्रवेशाच्या आधीच समाजकल्याण किंवा अल्पसंख्याक विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

अडचण पैशाची नसते, गावाची असते. सरकारी जागा सोलापूरला मिळेल की गोंदियाला, हे गुणांवर ठरते. लहान मूल सासूबाईंकडे ठेवायचे की सोबत न्यायचे, पती बदली घेईल की महिन्यातून दोनदा येईल, हे प्रवेश यादी लागण्यापूर्वी घरात बसून ठरले पाहिजे. यादी लागल्यावर हाती चार-पाच दिवस असतात आणि तेवढ्यात सासर-माहेरची समजूत पटत नाही. मिळालेली सरकारी जागा केवळ या कारणाने सोडून द्यावी लागणे, यासारखे नुकसान नाही.

परदेशाची वाट आणि जवळच्या वाटा

फी परवडत नाही म्हणून किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया यांच्या जाहिराती मोठ्या वयाच्या उमेदवारांनाही खुणावतात. तेथेही नीट पात्रता लागतेच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर भारतातील परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. अलीकडे या परीक्षेत बसणाऱ्या चार-पाच जणांपैकी साधारण एक उत्तीर्ण होतो. वर्षे जास्त आणि खात्री कमी. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने हा डाव खेळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याचे मन वैद्यकाच्या क्षेत्राकडे आहे पण एम.बी.बी.एस.चा हिशेब जमत नाही, त्याने युनानीकडे कमीपणाने पाहू नये. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे तिब्बिया कॉलेज, मालेगावात मन्सुऱ्याचे मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज, पुण्यात आझम कॅम्पसमधील युनानी महाविद्यालय, अक्कलकुव्याचे अहमद गरीब युनानी महाविद्यालय या आपल्याच संस्था आहेत. बी.यू.एम.एस.लाही नीट लागते आणि वर्षे तितकीच लागतात. पण प्रवेशाला लागणारे गुण बरेच कमी असतात आणि कॉलेज घराजवळचे मिळण्याची शक्यता जास्त. मात्र अर्थकारण तपासूनच जावे : वर्षे तेवढीच आणि सुरुवातीची कमाई कमी, म्हणून चालते दुकान सोडून बी.यू.एम.एस. करणे पुष्कळांना तोट्याचे पडेल. पेशावर प्रेम असेल तर तो तोटा समजून-उमजून घ्यावा. राझींबद्दल जुने चरित्रकार सांगतात की त्यांनी वैद्यक शिकायला उशिरा सुरुवात केली. तरी रय आणि बगदादच्या रुग्णालयांची प्रमुखपदे त्यांनी भूषविली. त्यांच्या काळी नीट नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आधीच औषधाच्या धंद्यात असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे, जिचा विचार फारसा होत नाही. ज्या ३८ लाखांची बेरीज आपण वर केली, त्यांतले दहा-बारा लाख घालून दुकानाशेजारी गाळा घेतला, तेथे एखाद्या एम.बी.बी.एस. भगिनीला किंवा तरुण डॉक्टरला दवाखाना थाटून दिला आणि सोबत पॅथॉलॉजीचे नमुना संकलन केंद्र ठेवले, तर दुकानाची विक्रीही वाढते आणि मोहल्ल्याला डॉक्टरही मिळतो. डॉक्टरशी व्यवहार भाड्याचा ठेवावा, औषधांच्या चिठ्ठीवर कमिशनचा नव्हे. ते कमिशन वैद्यकीय नीतिनियमांत बसत नाही आणि त्याची रक्कम शेवटी रुग्णाच्याच खिशातून निघते.

एवढे पाहूनही ज्यांचा निर्णय ‘करायचेच’ असा होतो, त्यांनी कागदांपासून सुरुवात करावी. नीट साधारण मे महिन्यात होते आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने निघतात. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा एकत्रित दाखला, जातीचा व वैधतेचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि मधल्या वर्षांच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र एवढे लागते. विवाहित भगिनींनी लक्षात घ्यावे की जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला माहेरच्या कागदांवरूनच निघतो; लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद सोबत जोडावी लागते. जात वैधता पडताळणीला कित्येक महिने लागतात, म्हणून तो अर्ज नीटच्या अर्जाआधी टाकावा.